पिकअपचा हेडलाईट: बल्ब गेला की दुसरंच काही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारायणगाव, आळेफाटा भागातून रात्री वाशी मार्केटला माल नेणाऱ्या पिकअपचं वायरिंग मी बरीच वर्षं करतो आहे. संध्याकाळी सात वाजले की फोन सुरू होतात. गाडी भरून झालेली असते, ड्रायव्हर लाईट लावतो आणि एक डोळा गेलेला दिसतो. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून ते उत्तरांसकट इथे एकत्र केले आहेत. गाडी १२ व्होल्टची आणि बल्ब हॅलोजनचा असं धरलंय. वेगळं असेल तिथे तसं सांगितलंय.

बल्ब बदलणं पाच-दहा मिनिटांचं काम आहे. पण जुना का गेला हे न बघता नवा घालू नका. माझ्याकडे 'बल्ब उडाला' म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांत बल्ब चांगला असतो. बिघाड कपलरमध्ये (बल्बच्या मागे बसणारा वायरींचा प्लग) नाहीतर अर्थमध्ये (बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी जोडणी) निघतो.

१. माझ्या गाडीला कोणता बल्ब लागतो? दुकानदार विचारतो आणि मला सांगता येत नाही.

बोलेरो पिकअप, टाटा एस, अशोक लेलँड दोस्त अशा गाड्यांच्या हॅलोजन हेडलाईटमध्ये साधारणपणे एच४ बल्ब असतो: १२ व्होल्ट, ६०/५५ वॅट. एकाच काचेत दोन फिलॅमेंट, म्हणजे पेटणाऱ्या तारा, असतात: ६० वॅटची अपरची (लांबचा उजेड) आणि ५५ वॅटची डिपरची (जवळचा, खाली झुकलेला उजेड). मागे तीन पिना. दुकानात हाच बल्ब 'पी४३' म्हणूनही मागतात. ते त्याच्या बुडाचं माप आहे. जुन्या पद्धतीचं 'पी४५' बूड वेगळं असतं, ते या खाचेत बसत नाही.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे जुना बल्ब सोबत नेणं. त्याच्या पत्र्याच्या कॉलरवर व्होल्ट आणि वॅट कोरलेले असतात. व्होल्टचा आकडा जरूर वाचा. ट्रकचा २४ व्होल्टचा ७५/७० वॅट बल्ब दिसायला अगदी सारखा असतो आणि गर्दीच्या वेळी काउंटरवरून चुकून हातात पडतो. तो १२ व्होल्टवर लावला तर उडत नाही, नुसता लालसर-पिवळा मिणमिणतो, आणि माणूस दोन दिवस वायरिंग शोधत बसतो.

२. बल्बच गेलाय हे मीटर-टेस्टर काही नसताना कसं ओळखायचं?

अदलाबदल करा. बंद बाजूचा बल्ब चालू बाजूला लावा आणि चालू बाजूचा बंद बाजूला. दोष बल्बबरोबर सरकला, तर बल्ब गेला. दोष जागेवरच राहिला, तर बल्ब चांगला आहे आणि बिघाड त्या बाजूच्या कपलरमध्ये, वायरीत, फ्यूजमध्ये किंवा अर्थमध्ये आहे. मग थेट प्रश्न ७ बघा.

अदलाबदल करताना अपर आणि डिपर दोन्ही लावून पाहा. एच४ मध्ये एक फिलॅमेंट जाऊन दुसरी शाबूत राहू शकते. बहुतेक वेळा डिपरची आधी जाते, कारण तीच जास्त तास जळते. आणि इथेच एक वाईट सवय लागते: 'अपर चालतोय ना, आज अपरवर जाऊ.' समोरून येणाऱ्याला त्या अपरमुळे रस्ता दिसत नाही. असं करू नका.

मीटर असेल तर बल्ब काढून पिनांमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे तार सलग आहे का, ते तपासा. मधल्या आडव्या पिनेवर डिपर असतो. दोन उभ्या पिनांपैकी एक अपरची, एक दोघांची सामाईक. थंड फिलॅमेंटचा रेझिस्टन्स इतका कमी असतो की मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. त्यालाच 'शॉर्ट आहे' समजू नका, ती चांगली फिलॅमेंट आहे.

३. काढलेला बल्ब पाहून तो का गेला हे कळतं का?

बऱ्याचदा कळतं, म्हणून जुना बल्ब लगेच फेकू नका. उजेडाकडे धरून बघा.

काच स्वच्छ आहे आणि तार मध्येच तुटली आहे: आयुष्य संपलं, किंवा खड्ड्यांचे दणके बसले. यात काळजीचं काही नाही.

काच आतून काळी किंवा चंदेरी आरशासारखी झाली आहे: फिलॅमेंटचं टंगस्टन काचेवर जाऊन बसलं. हॅलोजन बल्बमध्ये उडालेलं टंगस्टन वायूबरोबर फिरून परत तारेवर बसतं, म्हणून तो साध्या बल्बपेक्षा जास्त टिकतो. ते चक्र बिघडलं की काच काळवंडते. बल्ब जुना असेल तर ठीक. दोन महिन्यांत काळा पडला असेल तर चार्जिंग व्होल्टेज बघा, प्रश्न ११.

आत पांढरी-पिवळसर भुकटी, दुधाळ काच: आत हवा शिरली. काचेला बारीक तडा असेल किंवा पिनांजवळचं सील सुटलं असेल. हलक्या दर्जाच्या बल्बमध्ये हे जास्त दिसतं.

काचेला एका बाजूला फुगवटा: तिथे तेलकट बोट लागलं होतं, प्रश्न ५.

काचच फुटलेली: गरम बल्बवर पाणी पडलं. मागचं रबर बूट (लॅम्पच्या मागचं रबरी झाकण) फाटलंय का, नाहीतर लावायचं राहिलंय का, ते आधी तपासा.

४. बल्ब बदलायची पद्धत सांगा. मी पहिल्यांदाच करतोय.

चावी काढा, लाईटचा खटका बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. आत्ताच विझलेला हॅलोजन बल्ब कातडी सोलून काढतो.

बोनेट उघडून हेडलाईटच्या मागे हात घाला. एखाद्या बाजूला बॅटरी किंवा एअर फिल्टर आडवा येतो. बोटं वाकडी करून झटापट करण्यापेक्षा तो सोडवून बाजूला करा, वेळ वाचतो. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह काढायची आणि लावताना निगेटिव्ह शेवटी. बोनेट नसलेल्या छोट्या गाड्यांत मागून हात जात नसेल तर स्क्रू काढून अख्खा लॅम्प पुढे ओढून घ्यावा लागतो.

आता कपलर. वायरी धरून ओढू नका. प्लास्टिकचा भाग दोन बोटांत पकडून थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे हलवत सरळ मागे घ्या. निघाल्यावर त्याच्या आत टॉर्च मारा. तीन पितळी जीभा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. काळी, निळसर किंवा वितळलेली कड दिसली तर नवा बल्ब लावून उपयोग नाही, कपलरही बदला.

मग रबर बूट सोला. त्यावर वरची बाजू दाखवणारी खूण असते, ती लक्षात ठेवा. आत बल्ब एका तारेच्या स्प्रिंग क्लिपने दाबून ठेवलेला असतो. क्लिपचं टोक आत दाबून बाजूला सरकवलं की ती उघडते. ती कशी बसली होती याचा मोबाईलवर एक फोटो काढून ठेवा. काळोखात परत बसवताना त्या फोटोसारखा दुसरा मित्र नाही.

नवा बल्ब पत्र्याला धरून घाला. कॉलरवर तीन कान असतात, रुंद कान वर. बरोबर बसला की तो हलत नाही आणि क्लिप सहज लागते. क्लिपला जोर द्यावा लागत असेल तर बल्ब वाकडा बसलाय. पुन्हा काढा. कान वाकवून बसवलेला बल्ब कधी कधी उलटा बसतो आणि मग उजेड झाडांच्या शेंड्यांवर पडतो.

बूट घट्ट बसवा, कपलर पूर्ण आत दाबा, अपर-डिपर दोन्ही लावून बघा. बूट लावायचं राहिलं तर पहिल्याच पावसात पाणी आणि पहिल्याच कच्च्या रस्त्यावर धूळ रिफ्लेक्टरवर जाऊन बसते.

५. काचेला हात लागला तर बल्ब खरंच उडतो का?

लगेच उडत नाही, पण आयुष्य कमी होतं. बोटाचं तेल आणि घाम गरम काचेवर जळून चिकटतो, त्या जागी काच जास्त तापते आणि फुगते. हात लागलाच तर स्वच्छ कापडाला थोडं स्पिरिट लावून पुसा, सुकू द्या, मग लावा. ग्रीसचे हात असतील तर बल्ब त्याच्या खोक्याच्या कागदातच धरून बसवा.

६. एक बल्ब गेला तर दोन्ही बदलायचे का?

हो. दोघे एकाच दिवशी लागले असतील तर दुसराही आता फार दिवस काढणार नाही, आणि एक पांढरा, एक पिवळा उजेड घेऊन घाट उतरणं डोळ्यांना त्रासाचं होतं. काढलेला चालू बल्ब खोक्यात घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. प्रश्न १६ मधल्या रात्री तोच कामाला येईल.

७. नवा बल्ब घातला, तरी त्या बाजूचा लाईट लागत नाही. आता?

आधी फ्यूज. काही गाड्यांत डाव्या आणि उजव्या डिपरला वेगळा फ्यूज असतो, काहींत दोघांना मिळून एक. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचं चित्र बघा. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, तारेला बारीक तडा असला तर दिसत नाही. दुसऱ्या जागचा तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालून पाहा.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट होतेय. तिथे मोठा फ्यूज किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावायची नाही. फ्यूज उडतो म्हणजे वायर जळायची वाचते. चांदी लावली की वायर जळते, आणि तिच्या शेजारून डिझेलचा पाइप गेलेला असू शकतो.

फ्यूज ठीक असेल तर टेस्ट लॅम्प (एका तारेला क्लिप आणि दुसरीकडे टोक असलेला छोटा तपासणीचा दिवा) घ्या, त्याची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, लाईट चालू करा आणि कपलरच्या जीभा तपासा. इथे नवशिके हमखास फसतात, म्हणून नीट वाचा. सगळ्या गाड्यांचं वायरिंग एकसारखं नसतं. काहींत स्विच पॉझिटिव्ह सोडतो आणि सामाईक पिन कायम अर्थला असते. काहींत उलट: सामाईक पिनेवर पॉझिटिव्ह येतो आणि स्विच किंवा रिले (छोट्या करंटवर चालणारा आपोआप खटका) डिपर, अपरची निगेटिव्ह बाजू जोडतो. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत डिपरच्या जीभेवर टेस्ट लॅम्प पेटत नाही म्हणून 'सप्लाय नाही' असं ठरवलंत तर चांगली वायर कापून बसाल. म्हणून आधी चालू बाजूचा कपलर तपासून तिथे काय येतं ते बघा, मग बंद बाजूची त्याच्याशी तुलना करा.

सप्लाय आणि अर्थ दोन्ही येत असतील, तरी बल्ब लागत नसेल, तर कपलरची जीभ सैल झाली आहे. बारीक स्क्रू ड्रायव्हरने ती किंचित आवळा. जीभ काळी पडली असेल तर आवळून चार दिवस जातील, कपलर बदलावाच लागेल.

८. दोन्ही बाजूंचा डिपर एकदम गेला. अपर मात्र चालू आहे. दोन्ही बल्ब एकाच वेळी जातात का?

क्वचितच. एका बाजूची डिपर फिलॅमेंट आठ दिवसांपूर्वीच गेली होती आणि लक्ष गेलं नाही, हे जास्त वेळा घडतं. रोज गाडी काढताना समोरच्या भिंतीवर दोन ठिपके पडतात का ते बघायची सवय ठेवा.

दोन्ही बल्ब चांगले असतील तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर आहे: डिपरचा फ्यूज, रिले, नाहीतर स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच. दांडी अर्धवट वर-खाली धरल्यावर लाईट चमकून जात असेल तर स्विचचे पॉइंट जळाले आहेत. रिले तपासायला शेजारचा त्याच नंबरचा रिले, बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा चालतो, काढून इथे लावून पाहा.

अपर आणि डिपर सगळंच एकदम गेलं तर आधी बॅटरीच्या टर्मिनलकडे आणि मुख्य फ्यूजकडे जा. आणि सगळे बल्ब खरोखरच एका रात्रीत उडाले असतील, तर प्रश्न ११ आजच वाचा.

९. बल्ब नवा आहे, लाईट लागतो, पण मिणमिणता. रस्ता दिसतच नाही.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि त्याचं उत्तर सगळ्यात कमी वेळा बल्ब असतं.

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड जवळपास तीस टक्के जातो. म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आहेत आणि बल्बपर्यंत १२.६ पोचतात, तर तुम्ही पैसे पूर्ण बल्बचे दिलेत आणि उजेड सत्तर टक्केच मिळतोय. डोळ्यांना वाटतं, बल्ब हलका आहे.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू, डिपर चालू, बल्ब कपलरमध्येच. आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर आकडा घ्या. मग कपलरच्या मागून दोन बारीक टाचण्या घालून बल्बच्या डिपरच्या आणि सामाईक पिनेवर आकडा घ्या. टाचण्या एकमेकींना किंवा बॉडीला लागू देऊ नका. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास फरक असेल तर ठीक. एक व्होल्टच्या वर गेला तर वाटेत कुठेतरी गळती आहे. ती पॉझिटिव्ह बाजूला की अर्थच्या बाजूला हे कळायला मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या पिनेला लावा. लाईट चालू असताना तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. ही शेवटची तपासणी सामाईक पिन अर्थला असलेल्या गाडीसाठी आहे.

मागच्या हंगामात एक पिकअप आली. दोन महिन्यांत तीन वेळा बल्ब बदलले होते, शेवटी महागातले घातले, तरी डावा लाईट मेणबत्तीसारखा. अर्थवर मीटरने जवळजवळ दोन व्होल्ट दाखवले. डाव्या हेडलाईटमागे अर्थच्या वायरीची गोल आयलेट (टोकाची धातूची कडी) बोल्टखाली घट्ट आवळलेली होती, वरून काहीच वावगं दिसत नव्हतं. बोल्ट काढला तर आयलेटखाली छान गुळगुळीत पांढरा रंग. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं होतं, रंग सुकल्यावर कुणीतरी आयलेट त्या रंगावरच आवळली होती. रुपयाच्या नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासली, आयलेट घासली, बोल्ट आवळला आणि वरून थोडं ग्रीस लावलं. लाईट लावल्यावर समोरच्या शेडचा पत्रा दिसायला लागला तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून हसायलाच लागला. तीन बल्बांचे पैसे वाया गेले होते, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन महिने तो माणूस तसाच माळशेज उतरत होता.

१०. डिपर लावला की डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवा मंद पेटतो. स्विच खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. एका बल्बची सामाईक पिन सुटली आहे. करंटला तिथून सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो डिपरच्या फिलॅमेंटमधून त्याच बल्बच्या अपरच्या फिलॅमेंटमध्ये शिरतो आणि अपरच्या वायरीतून दुसऱ्या हेडलाईटकडे पळतो. वाटेत निळा दिवा उगाच पेटतो आणि त्या बाजूच्या दोन्ही फिलॅमेंट निखाऱ्यासारख्या लालसर दिसतात. ज्या बाजूचा उजेड लाल, तिथला अर्थ आणि कपलर बघा. उपाय प्रश्न ९ मध्ये आहेच.

११. दर महिन्या-दोन महिन्याला बल्ब जातोय. कंपनी बदलून पाहिली.

इंजिन साधारण रेस करून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर चार्जिंग ठीक आहे. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर, ज्याला आपल्याकडे कटआउट म्हणतात, गेला आहे. व्होल्टेज नुसतं पाच टक्के वाढलं तरी हॅलोजन बल्बचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. अशा गाडीत बॅटरीचं पाणीही लवकर आटतं आणि तिला उग्र वास येतो. तेव्हा बल्ब बदलत बसू नका, रेग्युलेटर बदला. बल्ब दीडशे-दोनशेचा, बॅटरी हजारोंची.

व्होल्टेज बरोबर असेल तर हादऱ्यांकडे बघा. हेडलाईट हाताने हलवा. मागच्या प्लास्टिकच्या खुंट्या तुटल्या असतील तर प्रत्येक खड्ड्याला अख्खा लॅम्प थरथरतो आणि गरम फिलॅमेंट तुटते. एकाच बाजूचा बल्ब सारखा जात असेल तर कारण हेच, किंवा सैल कपलर.

'शंभर टक्के जास्त उजेड' लिहिलेले बल्ब उजेड खरंच जास्त देतात, पण त्यांची फिलॅमेंट जास्त तापवलेली असते आणि आयुष्य कमी असतं. रोज रात्रभर चालणाऱ्या गाडीला साधा, चांगल्या दर्जाचा ६०/५५ घ्या. निळसर काचेचे बल्ब तर नकोच. ती निळाई उजेडातूनच कापून घेतलेली असते.

१२. १००/९० चा बल्ब लावला तर चालेल का?

नाही. कंपनीची वायर, कपलर आणि स्विच ६०/५५ च्या हिशोबाने असतात. ५५ वॅटच्या दोन बल्बांना मिळून सव्वानऊ अँपिअरच्या आसपास लागतात. ९० वॅटच्या दोघांना १५. बल्ब उजळतो आणि कपलर आतून भाजत राहतो. माझ्याकडच्या डब्यात वितळलेल्या कपलरचा ढीग आहे, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत असे बल्ब निघाले. शिवाय समोरच्याच्या डोळ्यात जाणारा उजेडही तेवढाच वाढतो.

उजेड कमी वाटत असेल तर रिले किट लावून घ्या. बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड, २.५ चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेवर, ८७ वरून बल्बला, आणि गाडीची जुनी हेडलाईटची वायर फक्त रिले ओढायला ८६ वर, ८५ अर्थला. ही जुळणी स्विच पॉझिटिव्ह सोडतो अशा गाडीसाठी आहे. कंपनीचाच ६०/५५ बल्ब त्यानंतर वेगळा वाटायला लागतो. जोड पिळून टेप मारू नका, कटप्लायरने क्रिंप करा (टर्मिनल दाबून बसवा) किंवा सोल्डरचा डाग द्या. कपलर सिरॅमिकचा घातलात तर आणखी बरं.

१३. एलईडी बल्ब एच४ च्या जागी बसतो. मग लावायला काय हरकत?

जागेवर बसतो, पण उजेड तिथून निघत नाही. एच४ मध्ये डिपरच्या फिलॅमेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या भागावर उजेड पडतो आणि तो खाली, रस्त्यावर येतो. सगळा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा मिलिमीटरमध्ये धरून बनवलेला असतो. एलईडीच्या चिपा दोन बाजूंना पट्टीवर असतात, तार नसते. उजेडाची कड फाटते. तुम्हाला गाडीसमोरचे दहा मीटर दुधासारखे पांढरे दिसतात आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. ओल्या रस्त्यावर तर तो पांढरा उजेड आरशासारखा पुढे निघून जातो.

ऊस तोडणीच्या हंगामात बिनदिव्याच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. समोरच्याचे डोळे तुम्ही दिपवलेत तर तो त्या ट्रॉलीत घुसेल. ही भीती मी मनापासून सांगतोय. आधीच लावले असतील तर आज रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून प्रश्न १५ प्रमाणे कड बघा. कड पुसट असेल तर काढा.

१४. मी डिपरवर असतो, तरी समोरचे सगळे मला अपर मारतात. का?

पिकअपमध्ये याचं पहिलं कारण माल. मागे टनभर भाजी भरली की पाटे (मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, नाक वर येतं आणि रिकाम्या गाडीवर बरोबर असलेला उजेड सरळ समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ज्या वजनावर तुम्ही रात्री चालता त्याच वजनावर फोकस, म्हणजे उजेडाची दिशा, लावून घ्या. डॅशबोर्डवर हेडलाईट वर-खाली करायची चकती असेल तर गाडी भरल्यावर ती खाली फिरवा. कित्येक ड्रायव्हरांना ती कशासाठी आहे हेच माहीत नसतं.

दुसरं कारण: बल्ब वाकडा किंवा उलटा बसलाय, प्रश्न ४. तिसरं: कुठूनतरी आणलेला लॅम्प उजव्या बाजूने चालणाऱ्या देशातल्या गाडीचा आहे. आपल्याकडे डिपरचा उजेड डावीकडे, रस्त्याच्या कडेला वर चढतो. त्या लॅम्पमध्ये तो उजवीकडे, म्हणजे थेट समोरच्याकडे चढतो. तो ॲडजस्ट करून सुधारत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १०६ प्रमाणे लॅम्पपासून ८ मीटर पुढे, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो उजेड दिपवता कामा नये. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी, असतं. फोकस आदल्या दिवशी नाही, वर्षभर बरोबर ठेवा.

१५. घरच्या घरी फोकस कसा लावायचा?

सपाट जागा आणि एक भिंत. टायरची हवा बरोबर, गाडीत नेहमीचा माल, ड्रायव्हर सीटवर बसलेला. गाडी भिंतीला टेकवून दोन्ही लॅम्पच्या मध्यांच्या खुणा खडूने भिंतीवर करा, मग सरळ मागे १० मीटर या. डिपर लावा. उजेडाची वरची आडवी कड खुणेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली आली पाहिजे. जागा कमी असेल तर ५ मीटरवर ५ सेंटिमीटर. डावीकडे कड वर चढत जाते, ती तशीच हवी. एका लॅम्पवर गोणपाट टाकून दुसरा लावा, दोन्ही एकदम लावू नका. ॲडजस्टिंग स्क्रू लॅम्पच्या मागे असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवी.

१६. रात्री घाटात बल्ब गेला आणि जवळ दुसरा नाही. काय करू?

गाडी रुंद जागी डाव्या कडेला घ्या, पार्किंग लाईट आणि चारही इंडिकेटर लावा. फ्यूज बघा. बल्बच गेला असेल आणि उजवी बाजू बंद असेल, तर डावीकडचा चालू बल्ब काढून उजवीकडे लावा.

हे का, ते सांगतो. एकदा आळेफाट्याच्या पुढे मी मोटरसायकलवर होतो. समोरून एकच दिवा येत होता. मला वाटलं मोटरसायकलच आहे, म्हणून मी मधल्या पट्ट्याजवळच राहिलो. पंधरा-वीस पावलांवर आल्यावर दिसलं, तो पिकअपचा डावा दिवा होता आणि अख्खी गाडी, उजव्या आरशासकट, अंधारातून माझ्या अंगावर येत होती. कसाबसा कडेच्या मुरमावर उतरलो. एकच दिवा राहिला असेल तर तो तुमच्या उजव्या कडेला असला पाहिजे, म्हणजे समोरच्याला तुमची गाडी कुठे संपते ते कळतं. मग हळू, पुढच्या गाडीच्या मागे अंतर ठेवून, पहिल्या उघड्या पेट्रोल पंपापर्यंत. धुकं असेल तर तेही नको, पंप किंवा ढाबा जवळ असेल तर उजाडेपर्यंत थांबा.

गाडीत कायम ठेवा: एक एच४ बल्ब कापडात गुंडाळून, १०, १५ आणि २० अँपिअरचे फ्यूज, टॉर्च, टेस्ट लॅम्प.

१७. काचेच्या आत पाणी धरतं, आणि बाहेरून काच पिवळी पडली आहे. बल्ब बदलून उजेड वाढेल का?

वाढणार नाही. सकाळी थोडं बाष्प धरून दुपारी जात असेल तर चिंता नको. थेंब साचत असतील तर मागचं बूट, काचेची कड आणि तडे बघा. पिवळेपणा बाहेरून पॉलिश पेपर आणि कंपाउंडने काढता येतो, काही महिने टिकतो. आतला रिफ्लेक्टर मात्र कपड्याने पुसू नका. त्यावर चंदेरी थर इतका पातळ असतो की धुळीबरोबर तोही निघून येतो. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर लॅम्पच बदलायचा.

१८. माझी गाडी नवी आहे, हेडलाईट कंपनीचाच एलईडी आहे. त्याचा बल्ब मिळतो का?

सुटा बल्ब नसतो, बंद पडला तर बहुतेक वेळा अख्खा लॅम्प बदलावा लागतो. पण आधी फ्यूज, कपलर आणि अर्थ बघा, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर लॅम्प उघडू नका. प्रोजेक्टर (पुढे गोल भिंग असलेला लॅम्प) असेल तर त्यात एच७ सारखा एक फिलॅमेंटचा बल्ब असू शकतो. त्यात अपर आणि डिपरचे बल्ब वेगळे असतात, म्हणून प्रश्न १० मधला प्रकार तिथे तसा दिसत नाही.

१९. खड्ड्यातून गेलं की लाईट जातो, पुढच्या खड्ड्याला परत येतो. गॅरेजला नेली की मात्र सगळं ठीक!

लाईट चालू ठेवा आणि एकाने समोर उभं राहून बघा. दुसऱ्याने क्रमाने हलवत जावं: आधी बल्बचा कपलर, मग बॉडीवरची अर्थची आयलेट, मग बोनेटच्या कडेने जाणारा वायरींचा जुडगा, शेवटी फ्यूज बॉक्स. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवूनही बघा. जिथे हात लागल्यावर लाईट मिचकावतो तिथे थांबा, तिथली टेप सोला. आत बहुतेक वेळा हिरवी पडलेली तांब्याची तार आणि कुणीतरी पूर्वी पिळून मारलेला जोड सापडतो. तो कापून नवी वायर टाका.